बाबा, क्लॅरिनेट बाहेर काढा

सिअ‍ॅटल, डिसेंबर २०२१

ती. बाबांना आणि आईला,
सा. न.

बाबा, ३ तारखेला सॅक्सोफोनवादक केनी जीचा नवा अल्बम आला, 'न्यू स्टँडर्ड्‌स'. त्याच्या 'ब्रेदलेस'ची कॅसेट तुम्ही लग्नसराईच्या बिदागीतून आणली होतीत, आठवतंय ना? आई, तुला तर ती पाठच असेल. एकट्या अमेरिकेत त्या अल्बमच्या सव्वा कोटीच्या आसपास प्रती गेल्या.

माणूस मूळचा इथला, आमच्या सिअ‍ॅटलचा. आता पासष्ट वर्षांचा आहे. नव्या अल्बमातल्या चाली नव्याच, पण बाज १९५०-६० च्या काळातल्या संथ जॅझचा. घाई कुठेच नाही. सूर सरळ लागतो, त्यावर तो टिकून राहतो आणि कंप अगदी शेवटी येतो. जॅझचे जाणकार त्याच्या वाजवण्याला नाकं मुरडतात, फार गोड म्हणतात. काही जागा मलाही गोडच वाटल्या. पण लावलेला सूर इतका स्वच्छ, की पुढचं ऐकावंसं वाटतंच. एक गोष्ट मात्र पटली नाही. स्टॅन गेट्झ हा थोर सॅक्सोफोनवादक १९९१ मध्ये गेला. त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतले सुटे सूर वेचून एका रचनेत त्याला नवी चाल वाजवायला लावली आहे. गेलेल्या माणसाने जे वाजवलंच नाही, ते त्याच्या नावावर घालू नये, असं मला वाटतं. तुम्ही ऐकून सांगा.

१९९७ मध्ये या केनी जीने एकच सूर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरला होता. गालात हवा साठवायची, गालांनी ती वाद्यात ढकलायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा. आपले सनईवाले हेच करतात, हे तुम्हीच मला गाल फुगवून दाखवलं होतंत. रोज तीन तास रियाज करतो, असं तो मुलाखतींत सांगतो. पासष्टाव्या वर्षी सूर असा लागतो तो त्या तीन तासांमुळे.

बाबा, कवळी बसवल्यापासून तुम्ही क्लॅरिनेटची पेटी उघडलेली नाही. आई फोनवर सांगते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. मी इथल्या एका क्लॅरिनेट शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कवळी लावून वाजवणारे पुष्कळ आहेत. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे नाहीत. खालच्यासारखाच वरचा ओठही दातांवर दुमडून घ्यायचा, म्हणजे भार ओठांवर येतो आणि कवळी हलत नाही. आठ-पंधरा दिवस ओठ दुखतील, मग सवय होते. सुरुवात माउथपीसवर मऊ रीडची पट्टी लावून करायची आणि दहाच मिनिटं, फक्त खालच्या सप्तकातले लांब सूर. बीपीचं काय ते आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

आई, बाबा 'आता कशाला' म्हणतील. तू पेटी माळ्यावरून उतरवून ठेव. बुचाच्या सांध्यांना ग्रीस लाव, इतक्या वर्षांत ते सुकले असतील. कळांखालचे पॅड उंदरांनी कुरतडलेत का तेही बघ. दीड आणि दोन नंबरच्या रीड्‌सचं खोकं मी पार्सलने पाठवलं आहे, अल्बमची सीडीही त्यातच आहे. पार्सल आलं की फोन करा.

तुमची,
मनू