विकताना काट्यांबद्दलही सांगा

संपादक महोदय,

फोंड्यात आमच्या घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी काचेची टाकी आहे. मुलाने हौसेने मांडली, तो शिकायला पुण्याला गेला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ इतके माजले की दगड दिसेनात. दुकानदार म्हणाले, "हा फॉक्सफेस न्या, सगळे खाऊन टाकील." बोटभर लांबीचा, पिवळाधमक, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा रॅबिटफिश. महिन्याभरात त्याने दगड खरोखरच मोकळे केले. सशासारखे तोंड हलवत दिवसभर कुरतडत असायचा. मला त्याचा लळा लागला. एका रात्री दिवा लावला तर अंगभर तपकिरी डाग, वाटले, गेला! झोपताना आणि घाबरला की तो रंग बदलतो, हे मागाहून कळले.

शेवाळ संपल्यावर त्याचे पोट खपाटीला गेले. आता रोज वाफवलेला पालक किंवा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा चिमट्याने काचेला लावते. शेवाळ पोसते ते पाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेट या क्षारांवर. मासा शेवाळ खातो, पण त्याची विष्ठा पाण्यातच राहते, म्हणून पाणी बदलणे काही चुकत नाही.

मुख्य गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती. काच घासत असताना तो दगडाआडून दचकून निघाला आणि माझ्या अंगठ्यात काटा गेला. कोपरापर्यंत ठणका! नेमकी मासळीवाली दारात होती. तिने बोट पाहिले मात्र, म्हणाली, "बाय, ताका विखाचे कांटे. हून उदकांत हात घाल." सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाऊण तास हात बुडवून ठेवला, तेव्हा ठणका उतरू लागला. हे विष उष्णतेने निकामी होते, असे डॉक्टरांनीही सांगितले आणि काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना, ते तपासले. या कुळातल्या माशाला पाठीवर 13, शेपटीच्या बाजूला पोटाखाली 7 आणि पोटाच्या दोन परांत प्रत्येकी 2, असे 24 विषारी काटे असतात. त्याचे भाऊबंद आपल्या किनाऱ्यावरही मिळतात, म्हणून तिला ठाऊक होते. पैसे मोजून मासा घेणाऱ्या मला नव्हते. शेजारची सहा वर्षांची मुलगी रोज टाकीपाशी येते. काटा तिला लागला असता तर?

दुसरे, हा मासा वीतभर वाढतो. तीन फुटी टाकीत त्याला वळता येईना, तेव्हा "मिरामारला नेऊन सोडा" असा सल्ला मिळाला. इंडोनेशिया-फिलिपाईन्सकडचा मासा आपल्या समुद्रात कसा सोडायचा? शेवटी पाच फुटी, पाचशे लिटरची टाकी घेतली. हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही; आधी कळले असते तर मी तो मासा आणलाच नसता.

शोभिवंत मासे विकणाऱ्यांनी पिशवीवर चिठ्ठी लावावी: काटे विषारी, काटा लागल्यास गरम पाणी आणि डॉक्टर, पूर्ण वाढ एवढी, टाकी एवढी, समुद्रात सोडू नये. मत्स्योद्योग खात्याने ती सक्तीची करावी, आणि ती मराठी-कोकणीत असावी. माझ्या पिशवीवर फक्त किंमत लिहिलेली होती.

– एक वाचक, फोंडा