कोठावळ्याला जादूगार ठरवू नये

मा. संपादक,
स. न.

‘थायमोसिन बीटा-४’ या प्रथिनाला ‘जखमा भरणारे जादूई प्रथिन’ म्हणणारा मजकूर अलीकडे वारंवार वाचनात येतो. अवघ्या ४३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन पेशीत कोठावळ्याचे काम करते आणि ते काम समजल्याखेरीज त्याचे गुणदोष कळत नाहीत.

पेशीचा आकार आणि हालचाल ज्या सांगाड्यावर अवलंबून असते, त्यातील महत्त्वाचे तंतू ॲक्टिन या प्रथिनाचे सुटे रेणू एकापुढे एक जुळून तयार होतात. हे रेणू मोकळे सोडले, तर ते गरज नसतानाही जुळत सुटतील. म्हणून थायमोसिन एकेका रेणूला चिकटून त्याला अडवून ठेवते आणि वेळ येताच प्रोफिलिन हे दुसरे छोटे प्रथिन तो रेणू तंतूच्या वाढत्या टोकाशी नेऊन पोहोचवते. बोट कापले की चकतीसारख्या प्लेटलेट गोल होऊन क्षणार्धात बारीक फाटे बाहेर काढतात, ते या राखीव साठ्याच्या जोरावर. थायमस ग्रंथीतून मिळाल्यामुळे हे प्रथिन आधी संप्रेरकाच्या पंक्तीला बसवले गेले होते; प्लेटलेटमधील ॲक्टिन अडवणारा घटक तो हाच, हे १९९१ मध्ये उघड झाले, पण नाव जुनेच राहिले.

पेशी सरकल्या की जखम भरते हे खरे. मात्र सरकण्याची ही सोय कर्करोगाच्या पेशीलाही तितकीच उपयोगी पडते. अनेक प्रकारच्या गाठींत हे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त आढळले आहे आणि ज्या कर्करोगपेशींत ते मुद्दाम वाढवले, त्या पेशी उंदरांच्या फुप्फुसांत अधिक पसरल्या. यावरून बाहेरून दिलेल्या थायमोसिनने माणसाला कर्करोग होतो असे सिद्ध होत नाही, पण ते निर्धोक असल्याची ग्वाही तरी कोणत्या आधारावर द्यायची?

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, खेळाडूंसाठी थायमोसिन बीटा-४ आणि ‘टीबी-५००’सारखी त्याची रूपे निषिद्ध ठरवली आहेत. तरीही स्नायूंची दुखापत लवकर बरी करण्याच्या नावाखाली ‘टीबी-५००’ इंटरनेटवर विकले जाते. यापुढे या विषयावर मजकूर छापताना निष्कर्ष उंदरांवरील प्रयोगाचा आहे की माणसांवरील चाचणीचा, एवढे शीर्षकातच स्पष्ट करावे, ही विनंती.

– जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक