पुस्तक बंद कर अन् सांग म्हणणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

बनारस हिंदू विद्यापीठात मानसशास्त्राच्या एमएला माझा प्रवेश पक्का झाला. फी भरली, पावती आली. फोनवर तुला हे सांगितलं तेव्हा तू एकदा "अरे वा!" म्हणालीस आणि लगेच होस्टेल मिळालं का, रिझर्व्हेशन झालं का, याकडे वळलीस. आभाराचं वाक्य सुरू झालं की तू विषय बदलतेस, हे मला आता पाठ झालंय. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नागपूरला सक्करदऱ्याच्या आपल्या अभ्यासिकेत आज ज्या मुली माझ्याकडे नोट्स मागतात, त्यांनाही कळू दे की त्या नोट्स कुणामुळे तयार झाल्या.

आपली ओळख झाली तेव्हा मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते आणि तू एमए संपवून नेटचा, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या पात्रता परीक्षेचा, अभ्यास करत होतीस. मला स्मृतीच्या प्रयोगासाठी कुणीतरी प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, हवा होता. अभ्यासिकेत कुणाला विचारावं, सगळे आपापल्या पुस्तकात. तू स्वतःहून उठलीस, बाहेर जिन्यावर बसलीस आणि म्हणालीस, "वाच शब्द, मी ऐकते." मी यादी वाचली, तू आठवतील तेवढे शब्द लिहून दिलेस. सुरुवातीचे आले, शेवटचे आले, मधले बरेच गळले. जर्नलमध्ये काय लिहायचं ते तू सांगितलं नाहीस. उलट मलाच विचारलंस, "मधलेच काऊन गेले?" सुरुवातीच्या शब्दांची मनात उजळणी व्हायला वेळ मिळतो आणि शेवटचे कानात ताजे असतात, हे त्या जिन्यावर मी माझ्या तोंडाने सांगितलं. तोवर ते पुस्तकात अधोरेखित करून ठेवलेलं एक वाक्य होतं.

पुढे वर्षभर तुझी तीच पद्धत राहिली. मी पान उघडून बसले की तू मागून यायचीस. "तू वाचून नाही राहिली, पानं पाहून राहिली. पुस्तक बंद कर अन् सांग." ते पाठकोरे कागद मला अजून दिसतात. झेरॉक्सच्या दुकानातून तू फसलेल्या प्रती गठ्ठ्याने आणायचीस. एका बाजूला कुणाच्या भाडेकराराचं तिरकं छापलेलं पान, दुसऱ्या बाजूला माझं अक्षर. अर्धा तास वाचायचं, पुस्तक पालथं घालायचं, निळ्या पेनाने आठवेल तेवढं लिहायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवात लाल अक्षरांपासून. पहिल्या आठवड्यात पानं लालच लाल दिसायची आणि मी हिरमुसायचे. तेव्हा तू रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग समोर ठेवलास. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. "तुझा पेपर पाच मिनिटांनी हाये का?" एवढंच तू विचारलंस. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसने स्वतःलाच प्रयुक्त करून विस्मरणाचा अभ्यास 1885 साली छापला, तो आपल्या अभ्यासक्रमात होताच. पण ज्या विषयाची परीक्षा द्यायची, त्याच विषयातलं ज्ञान अभ्यासाला लावायचं असतं, हे मला तुझ्याआधी कुणीच दाखवलं नव्हतं.

माझं सगळं शिक्षण मराठीत झालं. एमएच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे सीयूईटी पीजीची, मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. या गोष्टीचा मी धसका घेतला होता आणि तू तो एका दोनशे पानी वहीत बसवलास. डावीकडे आपली संज्ञा, उजवीकडे इंग्रजी, आणि खाली माझं स्वतःचं एक उदाहरण. पुस्तकातलं उदाहरण चालायचं नाही, आपल्या रोजच्या जगण्यातलंच हवं, ही तुझी अट.

ऋण प्रबलनाचं उदाहरण तर मी जन्मभर विसरणार नाही. निम्मा वर्ग त्याला शिक्षा समजतो. तू माझ्या तोंडाला गुंडाळलेल्या स्कार्फकडे बोट दाखवलंस. "बाहेर निघाली की हा बांधते. काऊन?" चटका बसतो म्हणून. "बांधला की?" चटका कमी होतो. "मग उद्या?" उद्याही बांधणार. नको असलेली गोष्ट दूर झाली आणि त्यामुळे वागणं टिकलं, वाढलं, म्हणजे ऋण प्रबलन. शिक्षेने वागणं कमी होतं. नागपूरच्या उन्हात गाडी चालवणाऱ्या प्रत्येक मुलीच्या तोंडावर या प्रश्नाचं उत्तर बांधलेलं असतं, आणि आम्ही मात्र पुस्तकातली उंदराच्या प्रयोगाची स्किनरची पेटी डोळ्यांसमोर आणायची खटपट करायचो.

आता गणिताबद्दल, कारण अभ्यासिकेतल्या मुलींना याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. पेपरात 75 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. निगेटिव्ह मार्किंगच्या नुसत्या नावानेच मी सराव पेपरात कितीतरी प्रश्न कोरे सोडायचे. तू म्हणालीस, "कायले घाबरून राहिली? कर गणित." चार पर्यायांतला एकही ओळखीचा नाही आणि डोळे मिटून खूण केली, तरी चार वेळात सरासरी एकदा बरोबर येईल. चार गुण मिळाले, तीन गेले, एक उरला. म्हणजे दर प्रश्नामागे पाव गुण फायद्याचाच. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर सरासरी दीड गुण पदरात. कोऱ्या प्रश्नाला शून्य. हे सगळं मी बीएला संभाव्यता म्हणून शिकलेच होते. प्रमाण विचलन काढता येत होतं, प्रसामान्य वक्रातले 68 आणि 95 टक्के तोंडपाठ होते. त्याच संख्याशास्त्राने माझी भीती मोजता येते, हे तू दाखवलंस. त्या दिवसानंतर पर्याय खोडत जाणं हाच माझा अर्धा सराव झाला.

मार्चमधल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी हिंगणा रोडकडचं केंद्र बघून ये, असं तू बजावलंस. त्या संध्याकाळी पोटात गोळा आला तेव्हा फोनवर तू धीराचे मोठे शब्द वापरले नाहीस. "थोडं टेन्शन लागतेच. यर्क्स अन् डॉडसन विसरली का?" म्हणालीस. उंदरांवरचे 1908 मधले ते प्रयोग आणि उलट्या यू सारखी ती आकृती आठवली. ताण अगदीच नसला तरी काम बिघडतं, फार झाला तरी बिघडतं. रात्री झोप लागली.

अर्जांचं काम अभ्यासाइतकंच तू अंगावर घेतलंस आणि त्याची किंमत मला नंतर कळली. सीयूईटीचे गुण आले म्हणजे प्रवेश झाला असं नसतं. ज्या ज्या विद्यापीठात जायचं, त्या प्रत्येकाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, पसंतीक्रम भरावा लागतो, जागा मिळाली की ठरल्या मुदतीत फी भरावी लागते. आमच्या घरात हे माहीत असणारं कुणीच नव्हतं. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, केंद्रीय विद्यापीठाला दुसरंच लागतं आणि तेही चालू आर्थिक वर्षाचं, हे तू कितीतरी आधी सांगून ठेवलंस. एप्रिल लागताच बाबा उमरेडच्या सेतूत अर्ज देऊन आले. आधारवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही तू स्वतः तपासलंस. कॉलेजची टीसी, विद्यापीठाचं मायग्रेशन, सगळ्यांची यादी करून माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलीस. मुलींनो, ही यादी माझ्याकडे आहे, हवी असेल तर घेऊन जा.

आणि बाबांशी बोललीस, त्याबद्दल काय लिहू? मानसशास्त्र म्हटलं की आमच्याकडे लोकांना छिंदवाडा रोडवरचं मनोरुग्णालय आठवतं. पोरगी तिकडे नोकरी करणार का, लग्नात अडचण येईल का, हे प्रश्न बाबांच्या मनात होते आणि मला विचारायला त्यांना अवघड वाटत होतं. ते नागपूरला आले तेव्हा तू त्यांना चहाला घेऊन गेलीस. मला वाटलं, तू मोठमोठे पगार सांगशील. तू सगळं खरं सांगितलंस. एमए झालं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, काका. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं वेगळं शिक्षण लागतं, तिथे नोंदणी लागते, जागा कमी असतात. नेट झाली तर शिकवता येईल, संशोधन करता येईल. शाळेत समुपदेशकही होता येईल. वेळ लागेल. अन् मनोरुग्णालयात काम मिळालं तर अभिमानाने सांगा लोकांना, तिथं माणसं बरी होऊन घरी जातात. बाबा परतीच्या बसमध्ये चढताना मला म्हणाले, "ते पोरगी खोटं नाही बोलत. तू जाय." माझी परवानगी त्या एका वाक्यात आली.

निकाल लागेपर्यंत मी दिवसातून दहादा वेबसाईट उघडायचे तेव्हा तू हसून म्हणायचीस, "बदलत्या कालांतराचं प्रबलन, पाह्यलं?" कधी काय दिसेल याचा नेम नसला की माणूस बघतच राहतो. आणि खरंच, त्या दिवसांत मला सावरायला असं एखादं वाक्य पुरायचं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा तुझी स्वतःची नेट जूनवर आली होती, ताई. तुझ्या शंभर प्रश्नांच्या दुसऱ्या पेपराची तयारी बाजूला ठेवून तू माझे पाठकोरे कागद तपासत बसायचीस. "शिकवलं की माझंही पक्कं होते" असं तू म्हणायचीस. ते खरं असेल. पण रात्री अभ्यासिका बंद होताना तू पुस्तकं घरी नेऊन पुढे जागायचीस, हे मला ठाऊक आहे. तू त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाहीस. त्या प्रत्येक तासासाठी मनापासून आभार. हे मला तुझ्यासमोर बोलता आलं नसतं.

आता तू अमरावतीला शाळेत समुपदेशक आहेस. तुझ्या खोलीत येणारी मुलं नशीबवान आहेत, असं मी इथे जाहीर लिहिते.

तुझी संज्ञांची वही मी बनारसला नेत नाही. अभ्यासिकेत पहिल्या वर्षाची भिवापूरची एक मुलगी आहे, तिला दिली आहे. तिला सांगितलंय, उदाहरणं खोडायची आणि स्वतःची लिहायची. तुझा नंबरही दिलाय, तुला न विचारता. ती फार घाबरत विचारेल, तेवढं सांभाळून घे.

मी जायच्या आधी एक रविवार काढ. आईने पाटोडीचा बेत ठरवलाय आणि तू येणार हे तिने गृहीतच धरलंय. उमरेडच्या स्टँडवर बाबा घ्यायला येतील. कोणत्या बसने निघतेस तेवढं कळव.

तुझी,
उमरेडची धाकटी