कापराच्या नळ्या

प्रिय आई-बाबा,

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत की जपानला नागोयात दिवसभर नक्की करतेस काय, आणि मी "कार्बनचं काम" म्हणून विषय उडवला, ते मनाला लागून राहिलं म्हणून नीट लिहितेय.

आई, आपला कापूर. डबीत तू मिरी टाकून ठेवतेस ना, नाहीतर उडून जातो, तर ते उडणंच इथे कामाला येतं. क्वार्ट्झच्या लांब नळीत कापूर थोडा गरम केला की त्याची वाफ होते, आर्गॉन गॅस ती पुढे भट्टीत नेतो, तिथे लोखंडाचे बारीक कण असतात, त्यांच्यावर कापरातला कार्बन जमतो आणि पोकळ नळ्या वाढायला लागतात, केसापेक्षा हजारो पटीने बारीक. कापरापासून कार्बनवर आधी पवईच्या आयआयटीत महेश्वर शरॉन सरांनी काम केलं, मग इथे नागोयात मुकुल कुमार आणि आंदो यांनी नळ्या काढल्या. इथे बसून संशोधनाच्या पेपरात पवई वाचलं की किती बरं वाटतं!

काजळी काय, समईवर ताटली धरली तरी मिळते. पण रोज एकसारख्या नळ्या मिळवणं अवघड. सोऱ्याच्या चकतीचं भोक जेवढं तेवढी शेव जाड, तसं लोखंडाचा कण जेवढा तेवढी नळी. तापल्यावर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणून त्यांना झिओलाइट नावाच्या बारीक छिद्रांच्या खनिजाच्या पावडरवर सुटंसुटं बसवायचं. ६५० डिग्रीच्या आसपास अनेक पदरांच्या नळ्या येतात, ९०० ला एकपदरी.

गेल्या महिन्यात भट्टी गार व्हायच्या आधीच मी झाकण उघडलं, हवा आत गेली, काळ्या पावडरीच्या जागी तांबूस गंज. कार्बन सगळा जळून गेलेला. त्या रात्री खूप रडले, तुम्हाला सांगितलं नाही.

बाबा, उपयोग विचारलात ना, लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये या नळ्या थोड्याशा मिसळल्या तरी वीज वाहायला वाट मिळते, आणि हे आता कारखान्यांत होतंय. पण कारखान्याला दर पोत्यात सारखाच माल लागतो, म्हणून माझा जीव त्या चकतीत अडकलाय.

आणि आई, पावडर नाकात जाऊ नये म्हणून मास्क, हातमोजे सगळं घालते, काळजी करू नकोस. काल लागोपाठ तिसऱ्यांदा सारख्याच जाडीच्या नळ्या आल्या. मायक्रोस्कोपचा फोटो पाठवतेय, बाबांना मोठा करून दाखव.

तुमची,
छकुली