लिनक्सचे प्रकार कितीही असू द्या, माप तरी एक ठेवा

मा. संपादक,
स. न.

शाळा-कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी का, यावर आपल्या पत्रांच्या सदरात जे चाललंय त्यात एका वाचकाने लिहिलं की लिनक्सचे इतके प्रकार आहेत की घ्यावा कोणता तेच कळत नाही, म्हणून शाळांनी या भानगडीत पडूच नये. माझं चोपड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, ही तक्रार मी बी ऐकत असतो आणि ती खोटी नाही. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होतंय, म्हणून लिहितोय.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि लॅबमधल्या जुन्या मशीनचा प्रोसेसर तर यादीतच बसत नाही, मग ते डबे एकतर भंगारात जाणार नाहीतर त्यावर मिंट, उबुंटू, डेबियन असला लिनक्सचा एखादा प्रकार बसणार. बसतंही चांगलं. लिब्रे ऑफिस चालतं, इनस्क्रिप्टने मराठी टाइप होतं, पोरं पटकन सरावतात. अडतं ते बाहेरून आणलेल्या वस्तूवर. एका कंपनीचं डिजिटल सहीचं टोकन, त्याचा ड्रायव्हर (म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम) फक्त आरपीएम पॅकेजमध्ये आणि गिऱ्हाइकाकडे मिंट, ज्याला डेब हे दुसऱ्या जातीचं पॅकेज लागतं. दुसऱ्या कुणाचं डेब मिळालं तर ते अगदी नव्या उबुंटूवर तयार केलेलं, जुन्या डेबियनवर चालवलं की जीलिबसीचं व्हर्जन सापडत नाही म्हणून ओरडतं. ही जीलिबसी म्हणजे जवळपास सगळ्याच प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी, तिचा नियम असा की जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बनवलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. म्हणजे कंपनीने जरा जुन्या सिस्टिमवर तयार केलं असतं तर निम्मी कटकट मिटली असती, पण कंपनीला कोण विचारणार!

आपल्या केळीच्या बागेत ठिबकची नळी एकाची आणि जोडणी दुसऱ्याची असली तरी काम होतं, कारण १६ एमएम म्हटलं की माप ठरलेलं. कंपन्या वाढल्या म्हणून शेतकऱ्याचं काही बिघडत नाही, माप बदललं की बिघडतं.

हे माप ठरवायचे प्रयत्न झालेत, असं नाही की कुणाला सुचलंच नाही. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सचंच ऐंशीच्या दशकात असं झालेलं, एकीकडे एटी अँड टीचं सिस्टिम फाइव्ह, दुसरीकडे बर्कलीचं बीएसडी, आणि सन, एचपी, आयबीएम प्रत्येकाचं आपापलं वेगळं. त्या भांडणातच १९८८ ला सगळ्यांसाठी पॉझिक्स हे एक स्टँडर्ड आलं. लिनक्ससाठी २००१ ला लिनक्स स्टँडर्ड बेस हे स्टँडर्ड निघालं, पण त्यात पॅकेज ठरवलं आरपीएम, डेबियनचं तर डेब, आणि २०१५ ला डेबियनने त्यातून जवळपास अंगच काढून घेतलं. त्या स्टँडर्डची ५.० ही आवृत्ती त्याच वर्षी आली, पुढची काही आली नाही. गंमत बघा, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल एकच आहे आणि तो बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचा तिथला नियम कडक आहे की कर्नल बदलल्यामुळे लोकांचा चालू प्रोग्राम बंद पडता कामा नये. पण त्यालाच २०१४ मध्ये डेबियनच्या परिषदेत तक्रार करावी लागली की त्याच्या सबसरफेस या प्रोग्रामच्या तयार फाइली विंडोज आणि मॅकसाठी देता येतात, लिनक्ससाठी देणं म्हणजे डोकेदुखी. आता त्यावर उपाय म्हणून कुठल्याही लिनक्सवर चालावीत अशी फ्लॅटपॅक, स्नॅप आणि अ‍ॅपइमेज ही पॅकेजं निघाली, म्हणजे उपायही परत तीन! तरी साध्या अ‍ॅपचं त्यांनी भागतं, ड्रायव्हरचं भागत नाही.

त्या वाचकाला एवढंच सांगायचं की प्रकार दिसतात तितके वेगळे नाहीत. मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवर बेतलेली, उबुंटू डेबियनवर, सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स तेही डेबियनवरच. केरळने शाळांसाठी सगळ्या राज्यात एकच सिस्टिम धरली, मास्तरांना शिकवलं आणि ती वर्षानुवर्षं चालवली. आपल्याकडे मात्र कुणीतरी उठून महाराष्ट्राचं वेगळं लिनक्स काढा म्हणेल, ते कृपा करून काढू नका, रंग आणि वॉलपेपर बदलून नवीन नाव दिलं की सांभाळायला एक आणखी वाढतं, आणि सांभाळणारा माणूस बदली होऊन गेला की संपलं.

त्यापेक्षा झेडपी असो की कॉलेज, प्रिंटर, स्कॅनर, टोकन घेताना टेंडरमध्येच लिहावं की ड्रायव्हर डेबियनच्या चालू पक्क्या (स्टेबल) आवृत्तीवर आणि उबुंटूच्या मागच्या दोन एलटीएसवर, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणाऱ्या आवृत्त्यांवर, चालवून दाखवल्याशिवाय बिल निघणार नाही. आणि आम्ही दुकानदारांनी बी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत शाळांसाठी एकच काहीतरी धरावं, माझ्या मते उबुंटू २४.०४ नाहीतर त्यावरचं मिंट २२, दोन्हीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मग शिरपूरच्या लॅबमध्ये काही अडलं तर अमळनेरचा पोरगा फोनवर सांगू शकेल. ज्यांना आर्च नाहीतर फ्रीबीएसडी असल्या दुसऱ्या सिस्टिमशी खेळायचंय त्यांनी घरी खुशाल खेळावं, मी बी खेळतो.

आपला,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)