खुराड्याचं दार अडलं तर काय करतं, ते आधी विचारा

मा. संपादक यांस,
स. न.

परसातल्या कोंबड्यांसाठी आपोआप उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या दारांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. कोणतं दार मोबाइलवरून चालतं, कोणत्याला सौरपट्टी आहे, कोणतं बसवायला सोपं, हे सगळं त्यात आलं आहे. ज्या एका प्रश्नावर दाराची निवड व्हायला हवी, तो मात्र राहून गेला. तो मांडण्यासाठी हे पत्र.

मी ३१ वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं. आता निवृत्त आहे आणि घरामागच्या खुराड्यात ११ कोंबड्या सांभाळतो. आमच्या धंद्यातली एक गोष्ट प्रत्येक नव्या पोराला सांगितली जायची. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस लिफ्टच्या फळीवर स्वतः उभे राहिले आणि लोकांसमोर वरची दोरी कापायला लावली. फळी थोडीशी खाली आली आणि जागीच अडकली. दोरी तुटणार नाही, असं त्यांनी कुणाला पटवलं नाही. तुटल्यावर काय होतं, ते दाखवलं. खुराड्याचं दार घेताना दुकानदाराला मी हेच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि त्यापायी दोन कोंबड्या गमावल्या.

माझं पहिलं दार उजेडावर चालणारं होतं. अंधारलं की मिटायचं, उजाडलं की उघडायचं. कल्पना चुकीची नाही, कारण कोंबडीही उजेडावरच चालते. दिवसा तिला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, आपल्याला न दिसणारे अतिनील रंगही. पण तिन्हीसांजेला तिची दृष्टी झपाट्याने मंदावते. म्हणूनच ती न हाकता आत येऊन दांडीवर बसते. एका दुपारी चारच्या सुमारास आभाळ गच्च भरून आलं. अंगणात संध्याकाळ झाल्यासारखं वाटू लागलं, आणि दार मिटलं. कोंबड्या मात्र पावसाच्या भीतीने झुडपाखाली दबून बसल्या होत्या. पाऊस रात्रीपर्यंत हटला नाही, त्यामुळे दार पुन्हा उघडलंच नाही. आम्ही घरी परतलो तेव्हा काळोख पडला होता. नऊ सापडल्या, त्या उचलून आत ठेवल्या. तुरेवाली आणि तिची पाठराखीण कुठेच दिसेना. सकाळी कुंपणाजवळ पिसं पडलेली होती. दाराने त्याला सांगितलेलं काम चोख केलं होतं, ही गोष्ट मला आजही टोचते.

याच्या उलटही घडतं. ओसरीचा दिवा किंवा वळणावरच्या गाड्यांचा झोत दाराच्या उजेड ओळखणाऱ्या डोळ्यावर पडत राहिला, तर दार रात्रभर उघडं राहू शकतं. तेव्हा उजेडावरचं दार घ्यायचंच असेल, तर त्याचा डोळा दिव्यांपासून दूर वळवता येतो का, ते पाहावं. अंधारल्यावर ते किती मिनिटं थांबून मिटतं आणि मिटल्यावर मागे राहिलेल्यांसाठी एकदा पुन्हा उघडतं का, हेही विचारावं. झुंडीत मान नसलेली कोंबडी नेहमी शेवटी येते. दारातच तिला टोच मारून मागे ढकलतात. त्या पाचदहा मिनिटांवर तिचा जीव असतो.

घड्याळावर चालणाऱ्या दाराला ढगांचा त्रास नाही, पण ते ऋतूंबरोबर सरकत नाही. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं, तितका दिवस जास्त लहानमोठा होतो. २० अंशांवर तो साधारण ११ तासांपासून १३ तासांच्या थोडा पुढे जातो, ५० अंशांवर ८ पासून १६ च्याही वर. त्यात सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त एकाच तारखेला येत नाहीत, त्यामुळे मनाने आकडेमोड करून वेळ लावणारा माणूस फसतो. मला पटलं ते तिसऱ्या तऱ्हेचं यंत्र. त्यात अक्षांश, रेखांश आणि तारीख एकदा भरली की ते रोजचा सूर्यास्त स्वतः मोजतं. मी महिनाभर वही घेऊन अंगणात बसलो. माझी शेवटची कोंबडी सूर्यास्तानंतर २० ते २५ मिनिटांनी आत जाते. दार मी ४० मिनिटांवर लावलं आहे. प्रत्येकाने आपली वही स्वतः भरावी, माझा आकडा उचलू नये.

आता दाराच्या अंगाकडे येतो. इथे माझा धंदा जास्त बोलतो. माझं दुसरं दार दोरीने वर-खाली होणारं होतं. एकदा खालच्या खोबणीत भुसा दाबून बसला आणि झडप चार बोटं वरच अडकली. मोटर मात्र दोरी सोडत राहिली, कारण तिला फक्त ठरावीक सेकंद फिरायचं ठाऊक होतं. वेळ संपल्यावर हिरवा दिवा लागला, म्हणजे यंत्राच्या लेखी दार बंद. लिफ्टमध्ये असं केलं असतं तर माझी नोकरी गेली असती. दार मिटलं की नाही, हे दार त्या जागी पोचल्यावर दाबल्या जाणाऱ्या स्विचने सांगायचं असतं, सेकंद मोजून नव्हे. खुराड्याच्या दारालाही असा शेवटचा स्विच, किंवा जागा ओळखणारी दुसरी काही सोय आहे का, हा प्रश्न दुकानात जरूर विचारा. दोरीच्या दाराचा दुसरा दोष असा की ते आपल्या वजनानेच खाली टेकलेलं असतं. नाक किंवा पंजा खाली घालून जनावर ते उचलू शकतं. स्क्रूवर किंवा दात्यांच्या पट्टीवर चालणारं दार असं सहज सरकत नाही. दोरीचंच घ्यायचं तर मिटल्यावर आपोआप बसणारी कडी हवी.

खोबणीचा इलाज सोपा आहे. दाराचा उंबरा भुश्याच्या थरापेक्षा चांगला वर ठेवा आणि शक्यतो खाली खोबण नसलेलं दार निवडा. मध्यम आकाराच्या कोंबडीला ३० सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच वाट पुरते. मोठा कोंबडा असेल तर त्याला तुऱ्यासकट मोजा.

मध्ये कोंबडी आली तर दार थांबतं का? माणसांच्या लिफ्टच्या आपोआप मिटणाऱ्या दाराचा जोर १५० न्यूटनपेक्षा जास्त नसावा, असा युरोपीय मानकांचा दंडक आहे. म्हणजे साधारण १५ किलोचा दाब. दोन किलोच्या कोंबडीच्या मानेवर तो पडला तर काय होईल, हे सांगायला नको. खुराड्याच्या दारांच्या खोक्यावर जोराचा आकडा मला तरी दिसलेला नाही. म्हणून मी गुंडाळलेला टॉवेल मध्ये धरून पाहतो, आणि मग स्वतःचा तळहात. चांगलं दार टेकताच थांबतं, मागे जातं, थोड्या वेळाने पुन्हा मिटायला बघतं. हलक्या काडीलाही अडून जे रात्रभर उघडं राहतं, तेही नापास. किती वेळा प्रयत्न करतं आणि शेवटी आवाज देऊन कळवतं का, हे पुस्तिकेत शोधा.

सेल संपल्यावर दार कुठे थांबतं, हेही पुस्तिकेत असलं पाहिजे. वीज गेली की लिफ्ट मजल्यावर येऊन उघडावी, असं आम्ही पाहायचो. खुराड्याचं उलट आहे. उरलेल्या शक्तीत दार मिटावं आणि मिटलेलंच राहावं, मात्र आत पाणी आणि वरच्या बाजूला हवेशीर जाळी हवी. नाहीतर तापलेल्या दिवसात बंद खुराडंच जीव घेईल. एक बारकावा: साधे चार सेल मिळून ६ व्होल्ट देतात, पुन्हा भरता येणारे ४.८. काही यंत्रं त्यामुळे भरलेले सेलही संपत आल्याचं दाखवतात. थंडीत साध्या सेलची ताकद घटते, तेही ध्यानात ठेवा.

नव्या तलंगांना, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्यांना, मात्र आधी काही दिवस आतच ठेवावं लागतं, तेव्हा त्यांना हे घर आपलं वाटतं. आणि मुंगूस दिवसाढवळ्या येतं, त्याच्यापुढे कोणतंही दार कामाचं नाही.

माझी विनंती निर्मात्यांना आहे आणि आपल्यालाही. मिटण्याचा जोर, अडल्यावरची कृती, सेल संपल्यावरची स्थिती आणि बंद झाल्याची खात्री कशी होते, हे खोक्यावर छापलं जावं. दारांची तुलना पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक दारात टॉवेल धरून आणि सेल काढून पाहा. मी अजूनही रोज रात्री बॅटरी घेऊन जातो आणि दांडीवरची डोकी मोजतो. आता पुन्हा अकरा आहेत.

आपला,
एक निवृत्त लिफ्ट मेकॅनिक