डोक्याला लागल्याचं कळल्यावर

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

काल रग्बी खेळताना त्या टॅकलनंतर, म्हणजे समोरच्याला धरून पाडल्यावर, दोन मिनिटांचं काहीच आठवत नाही, हे तू आईला हसत हसत सांगितलंस. उपदेश करायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

स्टीव्ह थॉम्प्सन तुझ्याच जागेवर, हुकर खेळायचा: स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून ढकलतात त्यात, पुढच्या रांगेत मधोमध. नॉर्थॅम्प्टनचा, इंग्लंडकडून 73 कसोटी. 2003 ला सिडनीत, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, त्याच्या संघातल्या विल्किन्सनने उजव्या पायाने मारलेला ड्रॉप गोल (चालू खेळात लाथेने मारलेला गोल) सगळ्यांना पाठ आहे. मला त्याआधीची फेक मोठी वाटते: जादा वेळ संपत आलेला, आणि थॉम्प्सनने लाइनआउटच्या, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू आत फेकताना लागतात त्या रांगांच्या, पार टोकाला सहकारी लुइस मूडीकडे चेंडू टाकला. 20-17, इंग्लंड जिंकलं. मानेच्या दुखापतीमुळे 2007 ला थांबला, परतला, 2011 ला कायमचा थांबला. 2020 मध्ये, 42 व्या वर्षी, स्मृतिभ्रंश झाल्याचं त्याने जाहीर केलं. तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही.

भान हरपत नाही असे बारीक धक्केही साठत जातात, भीती त्यांची आहे. सरावातल्या स्क्रमबद्दल थॉम्प्सन पुन्हा पुन्हा बोललाय. तुमचं स्क्रम मशीनवर ढकलणं आठवड्यातून किती वेळा असतं?

आता नियम. पहिले 24 तास एकटं राहायचं नाही, दारू नाही, गाडी नाही. 48 तास मोबाइल कमी. मग चालणं, हलका व्यायाम; त्रास वाढला की एक पायरी मागे. टकरीचा सराव 15 व्या दिवसाआधी नाही, तोही आधीचे सलग 14 दिवस काही त्रास नसेल तरच. सामना 21 व्या दिवसाआधी नाही. 21 म्हणजे कमीत कमी, ठरलेली तारीख नव्हे. उलट्या, वाढती डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं यातलं काहीही झालं तर लगेच 999 ला, तिथल्या रुग्णवाहिकेला, फोन.

फार झालं, माफ कर. व्हिडिओ पाहिला. टॅकल देखणा होता, खरंच. 2023 पासून तिथे इंग्लंडमध्ये तुमच्या हौशी खेळात टॅकल छातीच्या हाडाखालीच करायचा, ते चांगलं झालं. पण खाली वाकताना डोकं गुडघ्यासमोर येतं. ते पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं, पुढे नाही. कबड्डीतही तुझं डोकंच आधी जायचं. आजी कुंपणावरून ओरडायची, तू ऐकायचास कधी?

कोचने विचारलं तर ‘ठीक आहे’ म्हणू नकोस. ती दोन मिनिटंही सांग.

रात्री खोलीवर कोण आहे? त्याचा नंबर आईला पाठव.

बाबा